कांद्याला तासभर द्या

कांद्याचं फ्रेंच सूप घरी जरूर करा. पण ज्या दिवशी तासभर गॅसपाशी थांबता येईल, त्याच दिवशी करायला घ्या. बऱ्याच पाककृतींत ‘कांदा बदामी होईपर्यंत दहा मिनिटं परता’ असं लिहिलेलं असतं. दहा मिनिटांत कांदा मऊ होतो, फार तर गुलाबी होतो. या सूपाला हवा तो रंग आणि ती चव यायला किमान पाऊण तास लागतो, घरच्या गॅसवर तासही लागतो.

हे मी अनुभवानं सांगते आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा पाहुणे दारात यायला अर्धा तास उरला होता. मी आच मोठी केली. कांद्याच्या कडा काळ्या पडल्या, आतला गर पांढराच राहिला. कडवटपणा जावा म्हणून साखर घातली, तर सूप गोडही झालं आणि कडूही. जळलेल्या कांद्याचा कडूपणा कशानंही जात नाही. तसं झालंच तर तो कांदा टाकून द्या आणि नव्यानं सुरुवात करा.

वेळ का लागतो, हे समजलं की धीर धरणं सोपं जातं. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते पाणी पातेल्यात आहे तोवर कांदा उकडत राहतो, शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि तपकिरी रंग धरायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून आधी पाणी जावं लागतं, मगच कांद्यातली साखर रंगू लागते. काही जण चिमूटभर खायचा सोडा घालतात. त्यानं रंग लवकर येतो हे खरं, पण कांद्याचा लगदा होतो आणि चवीला सोड्याचा वास राहतो. सोडा घालू नका.

कांदा निवडताना आपण नशीबवान आहोत. उन्हाळी कांदा, म्हणजे रब्बीचा, एप्रिल-मेमध्ये निघून चाळीत साठवला जातो, तो यासाठी उत्तम. तो सुका असतो, उग्र असतो, आणि त्याची उग्रता शिजून गेल्यावर मागे जो गोडवा उरतो तो ओल्या कांद्यात मिळत नाही. पावसाळी लाल कांदा पाणी फार सोडतो. तोच हाताशी असेल तर वीस मिनिटं जास्त धरून चाला.

चौघांसाठी एक किलो कांदा घ्या. किलोभर चिरताना जास्त वाटतो, पण तो आटून जेमतेम दीड वाटी राहतो. उभा चिरा, मुळाकडून शेंड्याकडे. कांद्याचे धागे त्याच दिशेनं असतात, त्यामुळे अशा फोडी तासभर शिजूनही अंग धरून राहतात. आडव्या चकत्या विरघळून जातात.

जाड बुडाच्या पातेल्यात तीन चमचे बटर आणि एक चमचा तेल तापवा. कांदा आणि चमचाभर मीठ घालून झाकण ठेवा. पंधरा मिनिटांनी झाकण काढलंत की कांदा स्वतःच्याच पाण्यात बसलेला दिसेल. आता झाकण नको, आच मध्यमहून जरा कमी. इथून पुढे कान द्या. आधी रटरट ऐकू येते, ती पाण्याची. हळूहळू ती थांबते आणि बारीक चरचर सुरू होते. पाणी संपलं, खरं काम आता सुरू झालं. आच आणखी कमी करा आणि दर चार-पाच मिनिटांनी कालथा फिरवा. कांदा आधी पिवळसर, मग गव्हाळ होतो, आणि शेवटी काकवीसारखा गडद. मधूनच बुडाला तपकिरी थर धरतो. घाबरू नका, तीच चव आहे. दोन चमचे पाणी शिंपडा, कालथ्यानं खरवडा, तो थर सुटून कांद्याला लागतो. असं तीन-चार वेळा करावं लागतं. घरभर जो वास सुटतो तो आपल्याला अगदी परका नाही. वाटणासाठी कांदा भाजतो त्याच वासाचा हा सौम्य, गोड भाऊ.

मग दोन चमचे मैदा घालून दोन मिनिटं परता. अर्धी वाटी पांढरी वाइन घालायची पद्धत आहे, आणि नाशिक जिल्हा कांद्यासारखाच वाइनच्या द्राक्षांसाठीही प्रसिद्ध आहे, तेव्हा ती मिळणं अवघड नाही. वाइन नको असेल तर शेवटी चमचाभर व्हिनेगर घाला. थोडा आंबटपणा मात्र हवाच, नाहीतर गोडवा जिभेवर बसून राहतो. फ्रान्समध्ये बहुधा बीफचा स्टॉक वापरतात. चिकनचा चालतो, आणि शाकाहारी घरात गाजर, सेलरी व मूठभर मशरूम तासभर उकळून गाळलेलं पाणीही छान लागतं. दीड लिटर पुरे. अर्धा तास मंद उकळू द्या. आपलं तमालपत्र टाकू नका, त्याला दालचिनीचा वास असतो आणि तो सगळ्यावर चढतो. चिमूटभर वाळलेला थाइम आणि मिरपूड एवढंच घाला. आलं-लसूण आणि गरम मसाला आज डब्यातच राहू दे.

हे सूप मुळात मेजवानीचं नव्हे. पॅरिसच्या मध्यावर ले आल नावाचा प्रचंड बाजार होता. रात्रभर गाड्या उतरवणारे हमाल पहाटे आसपासच्या खाणावळींत वाडगाभर कांद्याचं सूप घेत, आणि त्यांच्या शेजारीच नाटकं-नाच उरकून आलेली मंडळीही बसत. 1969 मध्ये तो बाजार शहराबाहेर रंजीसला हलला, पण सूप मात्र तिथल्या खाणावळींतून गेलं नाही. स्वस्त कांदा, शिळा पाव, वर थोडं चीज. तुम्हीही महागड्या सामानाच्या मागे लागू नका.

पाव शिळाच हवा. लादीपाव लगेच विरतो, म्हणून ब्रून पाव घ्या, जाड काप करा आणि तव्यावर मंद आचेवर कडक वाळवा. मूळ चीज ग्रुयेर किंवा कोंते. शाकाहारी वाचकांनी इथे लक्ष द्यावं. ही दोन्ही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं दूध विरजून करतात. त्याऐवजी हिरवा ठिपका बघून मुरलेलं चेडर आणि मोझरेला निम्मं निम्मं किसून घ्या. प्रोसेस्ड चीजच्या क्यूबला तसा खरपूस रंग येत नाही.

ओव्हन असेल तर जाड मातीचे, ओव्हनमध्ये चालणारे वाडगे वापरा. काचेचे बाऊल आणि चहाचे कप तडकतात, आणि उकळतं सूप हातावर येणं हा गंभीर अपघात आहे. वाडग्यात सूप, वर पाव, वर किस काठापर्यंत पसरलेला, आणि फक्त वरची कॉइल लावून तपकिरी ठिपके येईपर्यंत ठेवा. ओव्हन नसेल तर पावावर किस ठेवून झाकण घातलेल्या तव्यावर तो वितळवा आणि काप सूपावर सोडा. ठिपके येणार नाहीत, पण चव पोचेल.

मुलांना वाढताना पाच मिनिटं थांबा. वरचं चीज निवल्यासारखं दिसतं तेव्हाही खालचं सूप जीभ पोळेल इतकं गरम असतं. आधी कडेनं चमचा घालून वाफ जाऊ द्या, मग पाव, चीज आणि कांदा एकाच घासात घ्या.