मिशीवाला पाहुणा

दोस्तांनो, मिशा कोणाकोणाला असतात? आजोबांना असतात, मनीमाऊला असतात, वाघोबाला असतात. आणि माशाला? हो, काही माशांनाही असतात! अशाच एका मिशीवाल्याची आज ओळख करून घेऊ या.

याचं नाव आफ्रिकन मांगूर. बाजारात याला ‘थाई मांगूर’ही म्हणतात, पण हे महाशय मूळचे आफ्रिकेचे. नाईल नदीत आणि व्हिक्टोरियासारख्या तिथल्या मोठ्या सरोवरांत त्यांचं घर. मिशीवाले मासे तिकडे फार जुन्या ओळखीचे बरं का! सुमारे ५,००० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये नार्मेर नावाचा राजा होता. त्याचं नाव चित्रलिपीत लिहायचं तर आधी मिशीवाला मासा काढायचा आणि मग छिन्नी!

मांगूरच्या अंगावर खवले नसतात. काळपट, बुळबुळीत कातडी आणि तोंडाभोवती ८ मिशा. रात्रीच्या अंधारात, गढूळ पाण्यात तो या मिशांनीच चाचपडत भक्ष्य शोधतो. मासे, बेडूक, गोगलगाई, किडे... तोंडात मावेल ते गट्टम्!

त्याची आणखी एक गंमत आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो. त्याच्या मदतीने तो हवेतला प्राणवायू घेतो. म्हणून डबकं आटायला लागलं की स्वारी ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जाऊ शकते.

मग असा मासा घरी फिशटँकमध्ये पाळायला काय मजा येईल, नाही? थांबा! बोटाएवढं पिल्लू छान दिसतं, पण ते भराभर वाढतं. पूर्ण वाढलेला मांगूर दीड मीटर लांब आणि ६० किलोपर्यंत वजनाचाही होऊ शकतो. टाकीतले गप्पी, गोल्डफिश तो कधीच फस्त करतो. झाकण नसेल तर रात्री टाकीबाहेर उडीसुद्धा मारतो. शिवाय आपल्या देशात त्याच्या पालनाला बंदी आहे. २०१९ साली हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने इंदापूर भागातल्या तळ्यांमधले हे मासे नष्ट केले होते.

एवढी कडक कारवाई का? तर तळ्यातून किंवा टाकीतून हा मासा नदीत गेला की आपल्या माशांचं काही खरं नसतं. कुणाची टाकी पुरेनाशी होते. मग वाटतं, ‘बिचाऱ्याला गंगेत सोडू, पुण्य लागेल.’ आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो ना! पण त्या एका माशाला मोकळं करताना गंगेतल्या कितीतरी माशांवर आपण संकट सोडतो. तो त्यांची पिल्लं खातो, त्यांचं अन्न पळवतो, आणि मादी एका वेळी हजारो अंडी घालते. उन्हाळ्यात पाणी आटलं की आपले मासे तडफडतात, हा मात्र हवा घेऊन तग धरतो. पुढे निफाड तालुक्यात याच गोदेवर नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे. तिथले बगळे, करकोचे आणि आपले मच्छीमार काका, सगळेच नदीतल्या माशांवर जगतात.

टाकीची काच साफ करणारा सकर मासाही असाच परका, दक्षिण अमेरिकेचा. तो आता उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो.

मासे पाळताय? मग हे लक्षात ठेवा

• मासा किती मोठा होतो, हे आणण्यापूर्वीच दुकानदाराला विचारा.
• नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवून मगच टाकीत घाला.
• सगळं पाणी एकदम बदलू नका. आठवड्याला पाव टाकी पुरे.
• खाणं चिमूटभरच. उरलेलं कुजून पाणी बिघडतं.
• मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी मित्राला द्या. नदी, विहीर, तळं यांत कधीही सोडू नका.

आई-बाबांनो, मांगूर विकताना दिसला तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला जरूर कळवा.

करून पाहा

खडूने जमिनीवर दीड मीटर लांब रेघ ओढा. तिच्याशेजारी तुम्ही आडवे व्हा. कोण लांब, तुम्ही की मांगूर? आता घरातल्या टाकीची लांबी मोजा आणि सांगा बरं, पाहुण्याला तिथे वळायला तरी जागा मिळेल का?