कोजागिरीची खीर आणि डॉक्टर अल्टुन्यान

दमा ही काही वार्षिकात लिहिण्याची गोष्ट नव्हे, असे माझ्या आत्याचे मत आहे. "मुलीच्या जातीने असले काही चारचौघांत बोलू नये, पुढे स्थळे यायची असतात," हे तिचे वाक्य मी सहावीपासून ऐकत आले आहे. तरीही लिहिते आहे. अंक तिच्या हाती पडेल तेव्हा पाहू.

मला आठव्या वर्षापासून दमा आहे. आमच्या घरी त्याला दमा म्हणत नाहीत, 'हिला जरा सर्दीचा त्रास आहे' असे म्हणतात. औषधाच्या पंपाला तर नावच नाही. तो दप्तराच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी गॅदरिंगच्या तालमीत जुना पडदा झटकला गेला आणि माझी छाती भरून आली, तेव्हा मी "पाणी पिऊन येते" म्हणून निघाले आणि खोलीला आतून कडी लावून पंप ओढला. बाहेर येऊन उरलेला प्रवेश केला. कोणाला काही कळले नाही याचा त्या दिवशी मला अभिमान वाटला होता. आज त्याची लाज वाटते.

याच्या आधीची सात वर्षे मी दर कोजागिरीला खीर प्यायले. आमच्या गावात नदीकाठच्या एका आवारात एक गृहस्थ दम्याचे औषध खिरीतून देतात. खीर चांदण्यात ठेवायची, मध्यरात्रीनंतर प्यायची आणि उजाडेपर्यंत झोपायचे नाही. पैसे घेत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खीर गोड असे, गप्पा चालत, आणि पहाटेच्या गारठ्यात निम्मे लोक खोकत घरी जात!

असो. मला सांगायचे आहे ते एका डॉक्टरविषयी, आणि त्याची माझी गाठ पडली ती विज्ञानाच्या पुस्तकात नव्हे, आमच्याच ग्रंथालयातल्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या कपाटात. आर्थर रॅन्समची 'स्वॅलोज अँड अॅमेझॉन्स' ही 1930 सालची मुलांची कादंबरी. तिच्या पहिल्याच पानावर रॉजर नावाचा सात वर्षांचा मुलगा उतारावरच्या शेतातून नागमोडी धावतो आहे. तो स्वतःला शिडाचे जहाज समजतो. वारा समोरून आहे, म्हणून सरळ न येता आडवीतिडवी वळणे घेत तो आईकडे पोचतो. मला ते चित्र फार आवडले. पुढे प्रस्तावनेवरून शोध घेता कळले की हा रॉजर खरा होता, पुढे तो डॉक्टर झाला, आणि त्याला दमा होता.

रॉजर अल्टुन्यानचा जन्म 1922 सालचा, सीरियातल्या अलेप्पो शहरातला. आजोबा आर्मेनियन, अलेप्पोतले रुग्णालय त्यांनी काढले. वडील अर्नेस्ट हे डॉक्टरही आणि कवीही. (कला शाखेच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.) आई डोरा ही इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातल्या कॉलिंगवुड घराण्यातली. 1928 च्या उन्हाळ्यात ही मुले आजोळी आली असताना रॅन्समने त्यांना होडी वल्हवायला आणि शिडे सांभाळायला शिकवले, त्यातून ती कादंबरी झाली. रॉजर पुढे महायुद्धात वैमानिक झाला, मग डॉक्टर, आणि अलेप्पोला आजोबांच्या रुग्णालयात काम करू लागला. 1956 च्या सुवेझ प्रकरणानंतर कुटुंबाला सीरिया सोडावी लागली. इंग्लंडला येऊन त्याने चेशायरमधल्या एका औषध कंपनीत नोकरी धरली.

तिथे खेल्ला नावाच्या वनस्पतीवर काम चालू होते. पूर्व भूमध्य प्रदेशातल्या लोकांचे हे जुने घरगुती औषध; तिच्यातल्या खेलीन या द्रव्याने आवळलेले स्नायू सैल पडतात. रसायनशास्त्रज्ञ त्यासारखी नवी नवी संयुगे बनवत होते. ती तपासायची कशावर? रीत होती गिनीपिगवर तपासण्याची. अल्टुन्यानचे म्हणणे असे की गिनीपिगला माणसासारखा दमा होतच नाही, मग त्याच्यावरून माणसाचे अनुमान कसे काढणार? दमा तर मला आहे. मग त्याने उलटेच केले. गिनीपिगच्या केसांची आणि कोंड्याची त्याला अॅलर्जी होती, त्याचाच अर्क करून तो स्वतः हुंगायचा, जाणूनबुजून दमा उठवायचा, आणि आधी घेतलेल्या संयुगाने तो किती अडला हे यंत्रात फुंकर मारून मोजायचा. एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, हा आकडा वहीत. आठ वर्षे, शेकडो वेळा! मध्यंतरी कंपनीच्या वरिष्ठांचा या कामावरचा विश्वास उडाला. हे लोक तरी करतच राहिले. 1965 च्या जानेवारीत तयार झालेले एक संयुग त्याच्या छातीने उत्तीर्ण ठरवले. ते क्रोमोग्लायकेट.

हे औषध मोठे विचित्र होते. दम लागल्यावर घेऊन त्याचा काही उपयोग नाही. ते आधी घ्यायचे. श्वासनलिकेच्या अस्तरात काही पेशी दारूगोळा भरून बसलेल्या असतात. धूळ, पराग असे काही आले की त्या फुटतात आणि नळ्या आवळल्या जातात. हे औषध त्यांना फुटू देत नाही. शिवाय पोटातून ते अंगी लागत नाही, म्हणून भुकटी थेट छातीत पोचवणे भाग होते. त्यासाठी अल्टुन्यानने एक नळी केली. तिच्यात इवलासा पंखा, विमानाच्या पंख्यासारखा. श्वास ओढला की तो गरगर फिरून कुपीतली भुकटी उडवतो. वैमानिकालाच सुचावे असे. 1968 साली औषध बाजारात आले.

आता माझे मत. ही गोष्ट मी मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या म्हणतात, "काय त्याग!" मला त्याग हा शब्द इथे खटकतो. आपण कला शाखेचे लोक शास्त्रज्ञाकडे एकतर वेडा म्हणून पाहतो किंवा हुतात्मा म्हणून, म्हणजे त्याने रोज काय केले हे पाहायला नको. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितले, की स्वतःच्या अंगावर प्रयोग हा काही आदर्श नव्हे, आणि नोकरदार माणसाने असे करणे आज कोणतीही समिती मान्य करणार नाही. मला ते पटते. एका माणसाची छाती ही एकाच माणसाची छाती. शिवाय औषध लागू पडावे अशी त्याचीच सर्वांत अधिक इच्छा. आपल्या इच्छेने आपला श्वाससुद्धा फसतो, हे मी सात कोजागिऱ्या अनुभवले आहे. खीर प्यायल्यावर पंधरा दिवस मला खरोखर बरे वाटे!

म्हणूनच मला त्या आठ वर्षांइतकेच महत्त्व 1967 सालच्या एका गोष्टीचे वाटते. त्या वर्षी त्याने आणि हॉवेल नावाच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी छापली. रुग्णांना काही काळ खरे औषध, काही काळ तसेच दिसणारी खोटी भुकटी. आणि कोणत्या वेळी काय, हे ना रुग्णाला माहीत ना तपासणाऱ्याला. ज्याने आठ वर्षे स्वतःची छाती झिजवली त्याने शेवटी आपल्या शब्दावर विश्वास ठेवू नका, असेच जगाला सांगितले की! मला त्याचे मोठेपण दिसते ते इथे.

शरीरच प्रयोगशाळा करण्याची या शास्त्रातली परंपरा तशी जुनी आहे. 1921 साली क्युस्टनर नावाच्या जर्मन डॉक्टरांना मासा चालत नसे. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे गांध उठली. अॅलर्जी रक्तातल्या कशातून तरी जाते हे त्या गांधीने दाखवले; ते 'कशातून तरी' म्हणजे आयजीई, हे कळायला 1966 साल उजाडले. आपल्याकडे मृगाच्या सुरुवातीला हैदराबादला हजारो दमेकरी रांगा लावून औषध भरलेला जिवंत मासा गिळतात. मासा तिथेही आहे, इथेही आहे.

मी झाडपाल्याला हसत नाही. खेल्ला झाडपालाच होता. खिरीतल्या औषधातही काही असेल, नसेल. माझी तक्रार इतकीच की इतक्या वर्षांत कोणी मोजले नाही. खरे तर अल्टुन्यानचे औषधही आज दम्यात मागे पडले आहे. मोजता मोजताच छातीत ओढायची स्टेरॉइडे सरस ठरली, माझ्या पंपात तीच आहेत. क्रोमोग्लायकेट आता मुख्यतः डोळ्यांच्या थेंबांत उरले. अल्टुन्यान 1987 साली वारला.

गेल्या कोजागिरीला मी आत्याबरोबर पुन्हा त्या आवारात गेले. खीर घेतली, आणि तिथेच, सर्वांच्या देखत, रुमाल सोडून पंपही ओढला. आत्याने तोंड फिरवले. मग मी त्या गृहस्थांना विचारले, "काका, कितीजणांना गुण येतो हे कुठे लिहून ठेवता का?"

ते हसून म्हणाले, "लिहायचे काय त्यात? बरी झालेली माणसे पुन्हा येत नाहीत, त्यावरून कळते."

"मी सात वर्षे आले आणि मग यायची थांबले. मला कशात धरलेत?"

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली, माझ्याकडे आणि हातातल्या पंपाकडे पाहिले आणि जरा वेळाने म्हणाले, "बरी झालीस, असेच धरले होते."