मोहाच्या दिवसांतला होल्डन

परवा कपाट आवरताना सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ हाती लागली. १९५१ सालची कादंबरी. चार विषयांत नापास झाला म्हणून निवासी शाळेनं काढून टाकलेला होल्डन नाताळाच्या तोंडावर रात्रीची गाडी धरून न्यूयॉर्कला जातो आणि घर तिथंच असून हॉटेलात उतरतो. कॉलेजात वाचली तेव्हा हा पोरगा मला सख्खा वाटला होता. या खेपेला मात्र लक्ष सारखं त्याच्या खिशातल्या नोटांकडे जात राहिलं.

त्याला कारण आहे. भामरागडच्या वाटेवर एका आश्रमशाळेत मुक्काम घडला होता. मार्च सरत आलेला, नववीच्या वर्गात निम्मी बाकं रिकामी. विचारलं तर सर म्हणाले, “मोह पडून राह्यला न जी. पोट्टे गेले गावाले. येतीन परीक्षेले.”

मोहाचं फूल रात्री, पहाटे गळतं. उजाडायच्या आत झाडाखाली पोचलं नाही तर गुरं खातात, अस्वलंही येतात. घरातले सगळे हात लागतात, मग नववीतले दोन हात वसतिगृहात कसे राहतील? पोरगा नाल्यानाल्यानं चालत घर गाठतो. हजेरीपटावर तो ‘गैरहजर’. होल्डन घर टाळत हिंडतो. हा घराच्याच ओढीनं पळतो.

याच्यावर मराठीत कादंबरी का नाही, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. बोकिलांच्या ‘शाळा’तला मुकुंद जोशी नववीतलाच, पण संध्याकाळी घरी जेवायला जातो. ‘कोसला’तला सांगवीकर होस्टेलवर राहतो, तोवर तो कॉलेजात पोचलेला असतो. सहाव्या-सातव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात आलेला मुलगा आमच्या कादंबरीला अजून दिसायचा आहे. हेमलकशाला लोकबिरादरीची आश्रमशाळा १९७६ पासून चालू आहे. तिथं शिकलेली मुलं डॉक्टर झाली, वकील झाली. लिहिणारा कोणी निघेलच, असं मला आपलं वाटतं.

पण तो लिहील कोणत्या भाषेत? होल्डनची सगळी गंमत त्याच्या बोलण्यात आहे. आमच्या पोराची बोली माडिया, द्राविडी कुळातली; मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. मराठी त्याला भेटते ती फळ्यावर. त्या दिवशी मी एकाची निबंधवही चाळली. ‘माझी शाळा’ : शाळा सुंदर, शिक्षक प्रेमळ, परिसर रम्य. गाइडातली वाक्यं, सुवाच्य अक्षरात.

रात्री दिवे गेल्यावर तोच पोरगा अंधारात काहीतरी सांगत होता. बाकीचे उशीत तोंड खुपसून हसत होते. मला त्यातला एकच शब्द कळला, ‘सर’. सकाळी विचारलं, काय सांगत होतास रे? तो म्हणाला, “काही नाही जी, अभ्यास.”