ज्येष्ठ रॉक गिटारवादक प्रत्यक्ष ऐकण्याविषयी

१७ मे २०२५ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 'गन्स एन' रोझेस'चा कार्यक्रम झाला, तेव्हा गिटारवादक स्लॅश यांना साठी पूर्ण करायला दोन महिने बाकी होते. २००३ मध्ये रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स आणि २००५ मध्ये मार्क नॉफलर मुंबईत वाजवून गेले, तेही पन्नाशी उलटल्यावर. असा वादक ऐकायचा तर नांदेडच्या श्रोत्याला देवगिरी आणि लातूरच्या श्रोत्याला मुंबई एक्स्प्रेस पकडून रात्रभराचा प्रवास करावा लागतो. हा खटाटोप व्यर्थ आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

त्यांचा पहिला आक्षेप वयावर आहे: बोटे मंदावलेली असतात, मग तरुणपणीचे ध्वनिमुद्रण घरी ऐकलेले काय वाईट? बोटे मंदावतात हे खरे. पण स्टुडिओत एकाच वादकाच्या गिटारचे अनेक थर एकावर एक चढवता येतात, चुकलेली जागा पुन्हा वाजवता येते. मंचावर ती सोय नाही. तार ताणून स्वर चढवणे, म्हणजे सतारीवरच्या मिंडेचीच क्रिया, किती ताणायची आणि कुठे थांबायचे हे त्याच क्षणी ठरते. नॉफलर पिक न वापरता बोटांनीच तार छेडतात. रिचर्ड्स अनेक गाण्यांत सहावी तार काढून उरलेल्या पाच तारा वेगळ्या स्वरांत लावतात. यातले बरेचसे ध्वनिमुद्रणात कानावरून निघून जाते, हात दिसले की उलगडते. मोठ्या आवाजात स्पीकरमधला नाद तारांना पुन्हा कंपित करतो आणि स्वर लांबत राहतो. वादक स्पीकरकडे किती सरकतो, कोणत्या कोनात वळतो, यावर त्या स्वराचा रंग बदलतो. हे कौशल्य वेगाचे नाही. ते वर्षानुवर्षे मंचावर उभे राहूनच येते. थकलेल्या आवाजाच्या कीर्तनकाराला मराठवाडा आजही आदराने ऐकतो, मग गिटारवादकालाच वेगाची अट कशासाठी?

हे संगीत आपले नाही, हा दुसरा आक्षेप तर टिकतच नाही. युरोपातून आलेली पेटी आज कीर्तनात आहे आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातही. माळेगावच्या यात्रेत लावणी ऐकणारा आणि 'संगीत शंकर दरबार'मध्ये ख्याल ऐकणारा हा प्रदेश कानाने कधीच कोता नव्हता.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. तिकीट, गाडीभाडे, मुक्काम हे शिकवणीसाठी लातुरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला परवडत नाही. पण त्यावर उपाय घरी बसण्याचा नव्हे. ज्येष्ठ रॉक वादक महाराष्ट्रातही आहेत. १९८४ च्या सुमारास मुंबईत उभे राहिलेल्या 'रॉक मशीन'चे, म्हणजे पुढच्या 'इंडस क्रीड'चे, महेश तिनईकर हे त्यांपैकी एक. अशा वादकांसाठी रेसकोर्सएवढे मैदान लागत नाही, सभागृह पुरते. नांदेडचे कुसुम सभागृह आणि लातूरचे दयानंद सभागृह त्यासाठी उपलब्ध आहेत. तेथील संगीत मंडळांनी आणि महाविद्यालयांनी येत्या हंगामात निदान एक संध्याकाळ अशा वादकासाठी राखावी.