दंतपंक्तीचा आचार्य

कुटुंबांतील एखाद्या मुलाच्या दांतांस तार लावावयाची गोष्ट निघाली, कीं वडीलधाऱ्या मंडळींस ती बहुधा शोभेची हौस वाटते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील आमच्या वाचकांच्या घरींहि हा वाद होत असेलच. म्हणून या विद्येचा पाया ज्या शिक्षकानें घातला, त्याचें चरित्र या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एडवर्ड हार्टले अँगल यांचा जन्म अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत सन १८५५ मध्यें झाला. सन १८७८ मध्यें दंतवैद्यकाची पदवी घेऊन पुढें त्यांनीं अनेक विद्यालयांतून अध्यापन केलें. परंतु वांकडे दांत सरळ करण्याच्या विद्येस तेथें अगदीं कोपऱ्यांतली जागा मिळे. अखेर सन १९०० मध्यें सेंट लुई शहरीं त्यांनीं केवळ याच विद्येची स्वतंत्र शाळा काढिली.

तत्पूर्वींच, सन १८९९ मध्यें, त्यांनीं दांतांच्या विषम ठेवणीचे तीन वर्ग पाडिले होते. मुलास सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी वरची पहिली मोठी दाढ खालच्या दाढेशीं कशी मिळते, यावरून वर्ग ठरे. अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिवालयांत शिळेला जसा शिळेचा आधार, तसाच वरच्या दांतांस खालच्यांचा. एक ढळला कीं शेजाऱ्यांचा तोल जातो. तेव्हां प्रश्न नुसत्या मुखशोभेचा नसून चर्वणाचाहि आहे, ही गोष्ट अँगल यांनीं शिष्यांच्या मनावर ठसविली.

मात्र त्यांचा एक नियम फार कडक होता: दांत सरळ करण्यासाठीं निसर्गानें दिलेला एकहि दांत काढूं नये. सन १९३० मध्यें ते निवर्तले, तेव्हां शिष्यवर्गांत हा नियम जवळजवळ वेदवाक्य झाला होता.

ॲरिझोना प्रांतांतील चार्ल्स ट्वीड हे त्यांचे निष्ठावंत शिष्य. गुरूचा नियम त्यांनीं कांहीं वर्षें काटेकोर पाळिला. परंतु आपल्याच रोग्यांची पुनः तपासणी करितां पुष्कळांचे दांत व ओठ पुढें आलेले, आणि सरळ केलेले दांत पुनः वांकडे झालेले त्यांस आढळले. तेव्हां अशा रोग्यांस परत बोलावून, सुळ्यांमागील चार उपदाढा काढून, त्यांनीं सर्व उपचार नव्यानें व विनामूल्य केले. सन १९४० मध्यें अशा शंभर रोग्यांचे दोन्ही उपचारांचे पुरावे त्यांनीं समव्यवसायी मंडळींपुढें मांडिले.

यांत गुरुद्रोह झाला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आयताकृति तारेनें दांत तिन्ही दिशांनीं वळविण्याची जी रीत अँगल यांनीं आयुष्याच्या अखेरीस सिद्ध केली, तीच ट्वीड यांनीं वापरिली. आणि कामाची पारख कठोरपणें करण्याची संवयहि त्याच शाळेंतली. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा गुरूनें धरावी, असें आपल्याकडे मानितात. येथें तो पराभव गुरूच्याच विद्येनें घडविला.

आज दांत काढणें अथवा राखणें हें सरसकट नियमानें ठरत नाहीं. प्रत्येक मुलाचे सांचे, छायाचित्रें व क्ष-किरण चित्रें पाहून ठरतें. अँगल यांचे तीन वर्ग मात्र दंतवैद्यकाचे विद्यार्थी अद्यापि शिकतात. मुंबईंत नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय सन १९३३ पासून चालू आहे. शासकीय दंत महाविद्यालय तर आपली बदलापूरची लोकल जेथें थांबते, त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जवळच आहे.

आमची वाचकांस सूचना इतकीच, कीं मुलाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास त्याचे दांत जाणत्या वैद्यास एकदां दाखवावे. त्यानें दांत काढावयास सांगितल्यास कां, व राखावयास सांगितल्यास कां, हें वडील मंडळींनीं अवश्य विचारावें. ज्या विद्येच्या आचार्यासहि शिष्यानें हा प्रश्न विचारिला, तिच्या उपासकास त्याचा राग येऊं नये.