दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

भोर शहराला खेटून असलेल्या उत्रोलीसारख्या गावात मोटारगाडी ही आता ऐषआरामाची वस्तू राहिलेली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेली, दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी तेथे भाताची पोती वाहते, वऱ्हाड नेते आणि वेळप्रसंगी अडलेल्या बाळंतिणीला पुण्याच्या इस्पितळात पोहोचवते. अशी गाडी कापूरहोळच्या रस्त्यावर तापल्यावर अकस्मात बंद पडते, अर्ध्या तासाने निवल्यावर निमूटपणे सुरू होते आणि समोरचा पिवळा दिवा मात्र विझत नाही. हा बिघाड केवळ यंत्राचा आहे, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. तो दिवा मालकीचा प्रश्न दाखवीत असतो.

यंत्राची बाजू प्रथम पाहू जावी. इंजिनाचा क्रँकशाफ्ट किती वेगाने व कोणत्या स्थितीत फिरत आहे, हे एक छोटा सेन्सर संगणकीय नियंत्रकाला सतत कळवीत असतो. तो संदेश तुटला की नियंत्रक इंधन व ठिणगी बंद करतो आणि स्मृतीत एक संकेतांक नोंदवतो. ‘पी ०३३५’ हा त्यांपैकी सर्वपरिचित. या संकेतांकाचा अर्थ ‘सेन्सर निकामी झाला’ असा नव्हे. ‘सेन्सरच्या विद्युत्‌मंडलात दोष आहे’ एवढाच आहे. सेन्सर, त्याची तार, कनेक्टर, अर्थिंग यांपैकी दोषी कोण, हे संकेतांक सांगत नाही. ते माणसाने शोधावयाचे असते.

आणि येथेच लुबाडणुकीला वाट मिळते. संकेतांक वाचावा, नवा सेन्सर बसवावा, बिल हाती द्यावे. आठवड्याने दिवा पुन्हा लागला तर दुसरा सेन्सर बसवावा, हा आजच्या धंद्याचा सोपा मार्ग. भोरच्या पश्चिमेस चार महिने कोसळणाऱ्या पावसात कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो, पडवीत उभ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात. अशा गाडीत तीन सेन्सर बदलले तरी दोष जागचा हलत नाही. जाणता मिस्त्री सुटा भाग विकत आणण्यापूर्वी मल्टिमीटर हाती घेतो. तीन तारांच्या सेन्सरपर्यंत नियोजित दाब पोहोचतो काय, अर्थची तार शाबूत आहे काय, इंजिन तापलेले असताना तारांचा जुडगा हलवला तर संदेश तुटतो काय, हे तो क्रमाने तपासतो. पुष्कळदा दोन हात तार आणि एक घासलेली पिन एवढ्यावर काम भागते.

मग हा मिस्त्री हतबल का होतो? कारण कोणती तार कोठून कोठे जाते, तिच्यात किती दाब असावा, याचा आराखडा कंपनीच्या कुलपात असतो. काही गाड्यांत नवा सेन्सर बसवल्यावर नियंत्रकाला त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि ती आज्ञा द्यावयाचे यंत्रही कंपनी आपल्या अधिकृत केंद्रापलीकडे जाऊ देत नाही. मिस्त्रीच्या बोटांतील कसब कमी झालेले नाही; त्या कसबाला लागणारी माहितीच हिरावून घेतली गेली आहे. हातमागावरच्या कारागिराची जी गत गिरणीने केली, तीच गत येथे गुप्ततेच्या बळावर होत आहे.

या व्यवस्थेला पर्याय नाही, असे भासवले जाते. इतिहास तसे सांगत नाही. कॅलिफोर्नियातील धुराने माणसे गुदमरू लागली तेव्हा तेथील शासनाने कंपन्यांना वेसण घातली, आणि १९९६ पासून अमेरिकेतील मोटारींना १६ पिनांचे एकसारखे निदान-जोडणीस्थान व सर्वांसाठी समान संकेतांक सक्तीचे झाले. भारतातही भारत स्टेज ४ च्या नियमांखाली २०१३ पासून ही पद्धत आली. ‘पी ०’ने सुरू होणारे संकेतांक खुले आहेत, ते कायद्यामुळे; ‘पी १’ने सुरू होणारे संकेतांक हे कंपनीचे खाजगी राज्य आहे. कुंपण कोठे घालावे हे तंत्रज्ञान ठरवीत नाही, जनतेची राजकीय शक्ती ठरवते.

भारतातही हे कुंपण एकदा हलले होते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग व निदानयंत्रे स्वतंत्र दुरुस्तीकारांना उपलब्ध करा, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करू नका, असा आदेश दिला. कंपन्यांनी अपिलांचा मार्ग धरला. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत आयोगाचे निष्कर्ष उचलून धरले. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात एक पोर्टल उघडले. परंतु कंपनीच्या मर्जीने दिलेली माहिती म्हणजे दान होय, हक्क नव्हे.

अडाणी हातांत ही साधने गेली तर अपघात होतील, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. हा कळवळा खरा असता तर त्यांनी आराखडे लपवण्याऐवजी मिस्त्रींचे शिक्षण केले असते. आराखड्यावाचून अंदाजाने तार जोडणे धोक्याचे, की आराखडा पाहून जोडणे? आयोगापुढेही सुरक्षिततेचा हा बचाव टिकला नाही.

पक्षाच्या काही साथींचा आक्षेप मात्र निराळा आहे. मोटारमालकाचा प्रश्न हा मध्यमवर्गाचा प्रश्न, त्यात समाजवाद्यांनी का पडावे? आधी एस.टी. सुधारा, असे ते म्हणतात. एस.टी.चा आग्रह योग्यच आहे, तो सोडण्याचे कारण नाही. पण जेथे शेवटची गाडी गेल्यावर वडापखेरीज गती नाही, तेथे जुनी गाडी हे कष्टकऱ्याचे उत्पादनसाधन आहे आणि गॅरेजमधला मिस्त्री हा श्रमिकच आहे. याच पुणे जिल्ह्यात पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत गाडी जोडणारा कामगार आणि भोरला ती दुरुस्त करणारा मिस्त्री, दोघांनाही तिच्या ज्ञानाची मालकी नाकारली जाते. हे दोघे परस्परांना ओळखत नाहीत, हीच भांडवलाची सोय आहे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. विकल्या गेलेल्या प्रत्येक गाडीचे वायरिंगचे आराखडे व सर्व संकेतांक मराठीसह भारतीय भाषांत जाहीर करण्याची सक्ती करणारा कायदा व्हावा. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत निदानयंत्रे असावीत आणि ती स्थानिक मिस्त्रींना संध्याकाळी वापरता यावीत. तोवर कार्यकर्त्यांनी तालुक्यातील मिस्त्रींची सहकारी मंडळी उभारून एक चांगले यंत्र सामाईक विकत घ्यावे आणि सापडलेल्या प्रत्येक दोषाची नोंद सर्वांसाठी खुली ठेवावी.

ज्याने गाडीची किंमत मोजली त्याला तिच्या पोटात काय आहे हे जाणण्याचा हक्क नसेल, तर त्याने गाडी विकत घेतलेली नाही. कंपनीचे कूळ होणे पत्करले आहे. कुळाला जमिनीचा मालक करण्यासाठी तेव्हाच्या मुंबई राज्याने एकदा कायदा केला. यंत्राच्या कुळांसाठी तो लढा अजून लढावयाचा आहे.