रक्तात नव्हे, गुरूत

गेल्या आठवड्यात महाबळेश्वरला झालेल्या एका गुणगौरव समारंभात पाहुणे दहावीच्या मुलांना म्हणाले, "गणित चिन्यांच्या रक्तातच असतं." दाखला दिला यितांग झांग यांचा. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मला संताप आला. गणित रक्तातून येत नाही, शिकवणाऱ्याकडून येतं, हे या सदरात मी पूर्वीही बजावलं आहे.

झांग थोरच. सांस्कृतिक क्रांतीत शाळा बुडाली, शेतावर राबावं लागलं. १९९१मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून पीएच.डी. मिळाली, पण नंतर कित्येक वर्षं प्राध्यापकी मिळाली नाही. पोटासाठी सँडविचच्या दुकानाचे हिशेबही लिहिले. २०१३मध्ये, पन्नाशी उलटल्यावर त्यांनी सिद्ध केलं, की ७ कोटींहून कमी अंतराच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत.

पाहुण्यांनी पुढचं सांगितलं नाही. झांग यांची पीएच.डी. बैजिक भूमितीतली. मार्गदर्शक त्झुआंग-त्सियेंग मो, तेही चिनी. आणि मो यांचे गुरू? श्रीराम अभ्यंकर. जन्म १९३०, उज्जैनचा. बालपण ग्वाल्हेरात, पदवी मुंबईची, डॉक्टरेट हार्वर्डची.

अभ्यंकरांनी काय केलं, हे समजायला क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात जावं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री एकाच गोमुखातून पडतात, अशी श्रद्धा आहे. तिथे कुठलं पाणी कुणाचं, ओळखू येत नाही. पण दिशा पाहिली की उलगडतं: सावित्री पश्चिमेला महाडकडे उतरते, कृष्णा पूर्वेला वाईकडे. समीकरणांतून उभ्या राहणाऱ्या पृष्ठांवरही असे गुंतलेले बिंदू असतात. तिथून निघणाऱ्या दिशा वेगळ्या करत नवं पृष्ठ रचत गेलं, की गुंता सुटतो. मात्र ज्या अंकगणितात एखादी मूळ संख्या शून्याइतकी मानतात, तिथे गुरू झारिस्कींनाही तो सुटत नव्हता. अभ्यंकरांनी पंचविशीत सोडवला.

पुढे १९७५मध्ये मो यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की नेहमीच्या अंकगणितात बहुपदींनी प्रतलात नीट बसवलेली रेषा कितीही वळणं घेत असली, तरी बहुपदींनीच पुन्हा सरळ करता येते. शाळेतल्या बीजगणितात केवढी ताकद आहे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. आपल्या शिकवण्या मात्र त्याच बीजगणिताची सूत्रं घोकून घेतात, आणि पालक त्यासाठी पैसे मोजतात. मला हे सहन होत नाही.

अभ्यंकरांनी १९७६मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभारलं. मुख्याध्यापकांनो, पुढच्या समारंभासाठी तिथे पत्र धाडा. गणित जगणारा माणूस बोलवा आणि त्याला फळा, खडू आणि दोन तास द्या.